गायरानावरची फक्की

मालनबाई लग्न होऊन खैरगव्हाणात आली ती सोनपेठकडून, गोदावरीकाठच्या काळ्या रानातून. घागर घेऊन गेलं की ती भरून येते, एवढंच तिला पाण्याबद्दल माहीत होतं. खैरगव्हाण सेलू तालुक्यातलं, देवगाव फाट्यापासून आत, मुरमाड माळाच्या कडेला. गावाशेजारून कसारी नावाचा ओढा वाहायचा. वाहायचा म्हणजे मोठा पाऊस झाला की तासभर गढूळ होऊन धावायचा, वरच्या तीन गावांची माती उचलून न्यायचा, आणि दिवाळी झाली की त्याच्या पात्रात पोरं गोट्या खेळायची.

पहिल्याच उन्हाळ्यात ओढ्याच्या पात्रातल्या झऱ्यावर वाटीवाटीनं घागर भरताना ती सगळ्या बायांसमोर म्हणाली, "हे गाव हाय का सजा हाय?" घरी पोचेपर्यंत ते वाक्य सासूच्या कानावर गेलं होतं. मालनबाईचा आवाजच तसा. हळू बोलणं तिला कधी जमलं नाही.

नवरा बन्सीधर मात्र अबोल. त्याचे थोरले भाऊ व्यंकटराव गावचे सरपंच. घरातल्या रिवाजाप्रमाणे व्यंकटराव धाकट्या भावजयीशी थेट बोलत नसत. "बन्सी, घरात सांग, पाहुणे यायलेत," असं ती समोर उभी असताना सांगत. तीही पदर डोक्यावर ओढून नवऱ्याकडं बघून उत्तर देई. अशी कितीतरी वर्षं गेली.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, तेव्हा तिचं पहिलं मूल अंगावर पीत होतं. खैरगव्हाणातही बौद्धवाड्यातली घरं जळाली. सासूनं दाराला आतून कडी घातली होती. बाहेर काय चाललंय ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि कोणी कोणाकडं बघत नव्हतं. मुंजाजी आणि त्याची बायको सगुणाबाई अंगावरच्या कपड्यानिशी सेलूला नातेवाइकांकडं गेले. परत आले तेव्हा त्यांना कोणी शेतात कामाला बोलावीना. मग वाड्यातल्या माणसांनी ओढ्याकाठच्या गायरानात, जिथं नुसते दगड आणि बोराटी होती, तिथं हात घातला. सगुणाबाई डोक्यावर पाटी घेऊन दगड वाहताना मालनबाई रोज बघायची. दोन-तीन सालांत तिथं ज्वारी डोलायला लागली. गावानं ते बघितलं आणि मनात ठेवलं.

शहाऐंशीचा दुष्काळ आला. कडबा मिळेना. व्यंकटरावांच्या गोठ्यातले बैलसुद्धा बाजारात गेले. त्या साली सेलूला महिला मंडळांची एक बैठक होती. औरंगाबादच्या एका संस्थेच्या विमलताई तिथं बोलायला आल्या होत्या. माळावर चर खणायचे, ओढ्यावर बांध घालायचे, डोंगरउतारावर चराई बंद करायची, मग पाणी कसं थांबतं, हे त्यांनी चित्रं दाखवून सांगितलं. बाया माना डोलवत होत्या. मालनबाई उभी राहिली.

"हे सगळं छान हाय. पण पैसा कोण देतं? नुसती चित्रं दाखवायला आलाव का तुमी?"

विमलताई हसल्या. हुशार बाई होत्या. बोलणाऱ्या माणसाची किंमत त्यांना कळत होती. "संस्था देते," त्या म्हणाल्या. "पण एका गावाला नाही. ओढा जिथून निघतो तिथपासून खालपर्यंत सगळी गावं एकत्र यायला हवीत. गावांनी श्रमदान करायचं. सरकारच्या मृदसंधारण खात्यानं आपला वाटा उचलायचा. हे तिन्ही जमवून आणलंत तर मी स्वतः येईन."

तिन्ही जमवायला मालनबाईची दोन वर्षं गेली.

वरच्या तीन गावांत ती पायी गेली. "बाईमाणूस पंचायतीत काय सांगणार" म्हणून एका गावानं तिला पारावर बसूच दिलं नाही. ती पाराखाली, धुळीत बसली आणि तिथून बोलली. दुसऱ्या गावचा पाटील म्हणाला, "आमचं पाणी आडवून तुमाला काय फायदा?" ती म्हणाली, "तुमची माती तुमच्याच रानात ऱ्हाईल हो! आमच्या ओढ्यात कशाला पाठवायलाव?" होकार द्यायला मात्र त्यानं पुढची सुगी उजाडू दिली.

आणि सरकारी कचेऱ्या! साहेब दौऱ्यावर. साहेब मीटिंगला. साहेब जेवायला. एकदा दिवसभर बाकड्यावर बसवून संध्याकाळी कारकून म्हणाला, "बाई, मालकाला पाठवा ना. तुम्हाला यातलं काय कळतंय?"

"मालकाला कळत असतं तर मी आले असते का?" ती एवढ्या मोठ्यांदा म्हणाली की आतून साहेब बाहेर आले. दौऱ्यावर असलेले साहेब! तिनं त्यांच्याकडं बघितलं, कारकुनाकडं बघितलं, आणि ती साहेबांच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसली. त्या दिवशी खात्यानं पाहणी करायचं कबूल केलं.

सगळ्यात अवघड होतं ते गावातच. माळावर चराई बंद म्हटलं की शेरडं कुठं न्यायची? आणि शेरडं होती बौद्धवाड्यातल्या बायांची. मालनबाई सगुणाबाईच्या ओसरीवर जाऊन बसली. सगुणाबाईनं चहा ठेवला, पण तोंडावर हसू नव्हतं.

"तुमचा माळ हिरवा व्हनार, तुमच्या विहिरीला पानी लागनार. आमच्या शेरडांनी काय माती खायाची?"

"माळाचा वरचा कोपरा शेरडांना मोकळा ठेवू. बाकीच्यातलं गवत कापून वाड्याला वाटा देऊ."

"आन् गायरान? तुमचे लोक झाडं लावायचं म्हनून आमच्या वावरात शिरतेल."

"तुमच्या वावराला कोणी हात लावणार न्हाई. माझा शबूद हाय."

मुंजाजी उंबऱ्यात उभा होता. तो म्हणाला, "बाई, तुमचा शबूद खरा. पण गावाचा?"

त्यावर मालनबाई चिडली. "मी गावाचीच हाय ना? का आकाशातून पडले?" पण श्रमदानाच्या पहिल्या दिवशी वाड्यातली बायामाणसं सगळ्यांच्या आधी माळावर हजर होती. विमलताई आल्या त्या दिवशीही तेच लोक चरात उतरलेले होते. संस्थेच्या माणसानं त्यांचे फोटो काढले. सगुणाबाई पाटी डोक्यावर घेऊन उभी असलेला फोटो पुढं संस्थेच्या अहवालावर छापून आला.

चार गावांची समिती झाली. सरपंच म्हणून व्यंकटराव अध्यक्ष, मालनबाई सचिव. बँकेतून पैसे काढायला दोघांची सही लागायची. ही अट विमलताईंनीच घातली होती. पैसा मंजूर झाला, खात्यानंही वाटा द्यायचं कबूल केलं, आणि गावात पेढे वाटले गेले.

ऑक्टोबर सरत आला होता. मालनबाई सेलूहून परतताना फाट्यावर उतरून चालत येत होती. ओढ्याच्या वळणावर तिला माणसं दिसली. मुंजाजीच्या वावरात खरिपाची ज्वारी काढणीला आली होती. त्या उभ्या ज्वारीतून एक माणूस घमेल्यानं चुन्याची फक्की टाकत चालला होता. पांढरी रेघ पिकातून सरळ गेली होती. रेघेच्या कडेची ताटं आडवी पडली होती. बांधावर सगुणाबाई बसली होती. रडत नव्हती. नुसती बघत होती.

व्यंकटराव झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. मालनबाईनं विचारलं, ते नवऱ्याकडंच बघून, रिवाजाप्रमाणं. बन्सीधरही तिथंच होता. "इथं काय चाललंय?"

व्यंकटराव बन्सीधरला म्हणाले, "घरात सांग, रोपं इथं लावायची ठरलीत. माळावर नुसता मुरूम हाय, झाडं जगायची न्हाईत. इथं माती चांगली हाय. सरकारी जमीन हाय, कोणाच्या बापाची न्हाई. झाडं लागली की तार मारू."

बन्सीधर तोंड उघडणार, तोच मालनबाईनं डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकला आणि ती सरळ थोरल्या दिराच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"माझ्याशी बोला. मी समोर उभी हाय."

व्यंकटरावांनी मान फिरवली.

"ही माती चांगली कोणी केली?" ती म्हणाली. "तुमी केली? दगड वेचताना बघितलंय मी. तवा तुमाला गायरान आठवलं न्हाई. आता पीक उभं ऱ्हायल्यावर झाडं आठवायलीत?"

"बन्सी, बायकोला घरी ने."

"मी जात न्हाई. शबूद दिलता मी ह्या लोकांना. त्यांच्या हातानं चर खणून घेतले, त्यांचे फोटो दाखवून पैसा आणला, आन् त्याच पैशानं त्यांचं वावर मोडायलाव?"

मग व्यंकटराव पहिल्यांदाच तिच्याशी थेट बोलले. उठून उभे राहिले आणि बोलले. "लय शानपन नको. ह्यांना विद्यापीठाला नाव पाहिजे, शिवारात वावर पाहिजे, उद्या माझ्या ओसरीवर खाट पाहिजे म्हनतील. अठ्ठ्याहत्तरला समजूत घातली ती विसरले वाटतं."

समजूत. घरं जाळली त्याला हा माणूस समजूत म्हणत होता, आणि भोवतालचे चारजण हसले. पुढं मालनबाई सांगायची, त्या क्षणी हातात दगड असता तर मी तो घातला असता. दगड नव्हता. तिनं फक्कीचं घमेलं त्या माणसाच्या हातातून ओढलं आणि ओढ्यात फेकून दिलं.

"संध्याकाळपर्यंत काम थांबलं न्हाई तर सकाळी मी औरंगाबादला जाते."

काम थांबलं नाही. ती सकाळी गेली.

विमलताईंनी ऐकून घेतलं. पाणी दिलं, चहा मागवला. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता, हे मालनबाईनंही नंतर मान्य केलं. पण त्या म्हणाल्या, "मालनबाई, हे वाईटच आहे. मी पत्र लिहिते. पण काम थांबवायला सांगू नका. मार्च संपायच्या आत पैसा खर्च झाला नाही तर परत जाईल. खात्याला फार मुश्किलीनं बरोबर घेतलंय. चार गावांचा प्रश्न आहे. गायरानाचं पुढच्या टप्प्यात बघू."

"पुढच्या टप्प्यात? तवा मुंजाजीच्या वावरात करंजाची झाडं डोक्याएवढी झाली असतेल!"

"तुम्ही भावनेच्या भरात..."

"ताई, सगुणाबाईचा फोटो तुमच्या भिंतीवर हाय," मालनबाई म्हणाली. खरंच होता, दाराशेजारी, काचेच्या चौकटीत. "तो तरी काढा. तिचं वावर मोडायचं आन् तिलाच भिंतीवर टांगायचं, हे कोणत्या टप्प्यात बसतं?"

मालनबाईनं चहा तसाच ठेवला. उठता उठता म्हणाली, "लिहून घ्या. त्या वावरावरची रेघ पुसल्याशिवाय सचिवाची सही मिळणार न्हाई. एक रुपया बँकेतून निघणार न्हाई."

तिनं ते केलं. पुढचे कित्येक महिने केलं.

आणि मग गाव तिच्या अंगावर आलं. व्यंकटरावांना दोष देणारा एकही निघाला नाही. अडवणूक करणारी ती. झऱ्यावर बाया तिची घागर बाजूला सरकवायच्या. "बांध झाला असता तर आज पानी असतं," असं तिला ऐकू जाईल असं म्हणायच्या. ज्या बायांसाठी ती कचेरीच्या बाकड्यावर दिवस दिवस बसली, त्याच बाया. तिला त्यांचा राग यायचा, आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही याचा त्याहून जास्त. वरच्या तिन्ही गावांची माणसं येऊन बसायची. त्यातला एकजण, तो पाटीलच, म्हणाला, "बाई, तुमच्या गावच्या भांडणात आमचं कामून वाटोळं करायलाव?"

"मग माझ्या दिराला जाऊन इचारा. माझ्याच दारात कामून येताव? त्याला घाबरताव म्हनून?"

पाटील उठून गेला.

घरात वाटण्या झाल्या. बन्सीधरच्या वाट्याला मुरमाड पट्टा आला, विहीर थोरल्याकडं गेली. वाटण्या झाल्या त्या दिवशी बन्सीधर बराच वेळ अंगणात बसला होता. मालनबाईला वाटलं, आता हा म्हणणार, कर सही. तो म्हणाला, "सही करू नको." एवढंच. पुढं कधी त्यानं त्या विषयावर तोंड उघडलं नाही. मालनबाई म्हणायची, जन्मभरात तो माझ्याशी जेवढं बोलला त्यात ते एकच वाक्य कामाचं होतं.

मार्च संपत आला तेव्हा संस्थेनं निर्णय दिला. वाद नसलेल्या तीन गावांची वेगळी समिती करून पैसा तिकडं वळवला. खैरगव्हाण वगळलं. गायरानाबद्दल, मुंजाजीबद्दल कागदावर एक अक्षर नव्हतं. 'स्थानिक मतभेद' एवढंच लिहिलं होतं. ते वाचून मालनबाईनं तो कागद चुलीत घातला.

मुंजाजीचं वावर मात्र राहिलं. पैशाशिवाय व्यंकटरावांची झाडं आली नाहीत, तार आली नाही. मोडलेली ज्वारी गेली ती गेली. पुढच्या मृगाला सगुणाबाईनं त्याच रेघेवर मूग पेरला.

वरच्या गावांत बांध झाले, विहिरींना पाणी टिकायला लागलं. खैरगव्हाणच्या बाया उन्हाळ्यात तिकडून पाणी आणायच्या. जाताना मालनबाईच्या दारावरून जायच्या आणि मुद्दाम घागरी वाजवायच्या. ती दारातच उभी राहायची. आत गेली नाही.

त्र्याण्णव उजाडलं त्या हिवाळ्यात दोन जीपगाड्या आल्या. विमलताई आता संस्थेत मोठ्या पदावर होत्या. सोबत दिल्लीचे पाहुणे होते, मोठा निधी देणाऱ्या मंडळींचे. तीन गावांचं काम दाखवून झाल्यावर वरच्या गावात पारावर सभा भरली. विमलताईंनी मालनबाईला निरोप पाठवून बोलावलं होतं. जुनी ओळख होती, आणि कदाचित मनाला काही लागूनही राहिलं असेल. त्यांनी पाहुण्यांना सांगितलं, "ही सगळी गावं पहिल्यांदा एकत्र आणली ती या बाईंनी. लोकसहभाग कसा मिळवला ते त्याच सांगतील."

मालनबाई उठली. ती सगुणाबाईला बरोबर घेऊन आली होती. हात धरून तिलाही उभं केलं.

"लोकसहभाग असा मिळवला," ती म्हणाली, आणि पार ओलांडून मागच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तिनं सगळं सांगितलं. चर कोणी खणले. फोटो कोणाचा छापला. फक्की कोणाच्या ज्वारीत पडली. कोण काय बोललं, 'समजूत' या शब्दासकट. पुढच्या टप्प्यात बघू, हे कोण म्हणालं तेही. विमलताई खाली बघत होत्या. भाषांतर करणारा पोरगा मध्येच थांबला, तेव्हा ती त्याच्यावर खेकसली, "गाळू नको! सगळं सांग त्यांना."

एका पाहुण्यानं विचारलं, "मग आता तुम्हाला काय हवं आहे?"

"खैरगव्हाणचं काम पाहिजे. आन् पहिली अट ही पाहिजे की गायरानात कसणाऱ्याचं वावर सोडून काम व्हईल. ती मोडली त्या दिवशी पैसा बंद. समितीत वाड्यातल्या बाया निम्म्या. आन् अध्यक्ष ही." तिनं सगुणाबाईकडं बोट दाखवलं.

सगुणाबाई दचकली. "मी? मला इचारलं का तुमी?"

सभेत पहिल्यांदा कोणीतरी हसलं. मालनबाई ओशाळली. सगुणाबाई थोडा विचार करून म्हणाली, "अध्यक्ष व्हते. पन आमच्या वाड्याला इचारून. तुमच्या शबदावर न्हाई."

ते मालनबाईला लागलं. पण त्यात खोटं काही नव्हतं.

निधी आला. लगेच नाही, पाहण्या झाल्या, कचेऱ्यांच्या चकरा झाल्या, आणि या वेळी बाकड्यावर दोघी शेजारी बसायच्या. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचं नाव बदललं तेव्हा जिल्ह्यात पुन्हा तणाव होता. खैरगव्हाणात पोलिसांची गाडी उभी होती. त्या दिवशी मालनबाई सकाळीच बौद्धवाड्यात जाऊन बसली आणि दिवसभर तिथंच राहिली. कोणी बोलावलं नव्हतं. काही झालं नाही. संध्याकाळी सगुणाबाईनं तिला ताटात भाकरी वाढली.

उन्हाळ्यात कसारीवर पहिल्या बांधाचं काम सुरू झालं. व्यंकटराव आता थकले होते, त्यांच्या वाट्याला गेलेली विहीर आटली होती. एके दिवशी ते काठी टेकत बांधावर आले, दगड रचणाऱ्या माणसांकडं बघत उभे राहिले आणि बन्सीधरला म्हणाले, "बन्सी, घरात सांग, झालं गेलं विसरा म्हनावं."

मालनबाई चार हातांवर होती. तिनं ऐकलं.

"मला सांगू नका," ती म्हणाली. "मुंजाजी तिकडं हाय. त्याला सांगा, काय समजूत घालायची ती."

व्यंकटराव मुंजाजीकडं गेले नाहीत. आल्या वाटेनं परतले. मालनबाईनं त्यांच्या पाठीकडं बघितलं, मग बांधावरच्या गड्याला ओरडली की दगड उलटा बसवलाय, काढ आणि नीट बसव.